झटकलेला पारा

मंगळवार, संध्याकाळ. चामराजपेट, १९९९

नवं लिव्हर बसवून ह्यांना दिल्लीहून घरी आणलं, त्याला अठरा दिवस झाले. रोज हे स्वतःच ताप बघतात, थर्मामीटर झटकतात आणि सांगतात, "अठ्ठ्याण्णव." रोज अठ्ठ्याण्णवच कसा? आज झटकायच्या आत मी तो हातातून काढून घेतला. एकशे एक. म्हणजे इतके दिवस खोटंच सांगत होते?

"स्वल्प आहे गं. फोन केलास तर डॉक्टर परत बोलावतील."

शंभराच्या वर गेला तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. एसटीडी बूथ कोपऱ्यावरच आहे. मी चपला घातल्या. आणि मग काय केलं? थर्मामीटर झटकला. मीसुद्धा.

पारा उतरला. ह्यांचं कपाळ तसंच भाजतंय. चपला अजून पायातच आहेत.