मागीलप्रमाणे

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू कायम घाईत असतोस आणि मला रडू आवरत नाही, म्हणून लिहिते. सोमवारी सकाळी पेशंटकडे निघताना मी गाडी मागे घेतली आणि शेजारच्या घड्याळवाल्या काकांना पाडलं. ते फाटकाशी वाकून चपलेचा पट्टा लावत होते. उजवं मनगट मोडलं. ज्या हाताने ते चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरायचे, तो हात आता गळ्यात बांधलाय. तीस वर्षं नर्स म्हणून लोकांच्या घरी जाऊन मलमपट्ट्या केल्या आणि माझ्याच दारात हे! जिन्यात कोणी भेटलं तरी मान वर होत नाही.

एक विचारायचंय. मागे कोणी असलं की गाडी टिंगटिंग ओरडते ना, ती ओरडलीच नाही असं मला सारखं वाटतं. दोनच दिवस आधी गाडीच्या पडद्यावर तुमच्या कंपनीचं ते अपडेट आलं होतं. तू त्याच खात्यात, म्हणून विचारते. त्याने आवाज बंद पडू शकतो का? की म्हातारीचे कान गेले? हसू नकोस, खरं काय ते सांग. पुढच्या गुरुवारी पोलिसांना लेखी जबाब द्यायचाय.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो पत्रातून दाखवत जा.

तुझी ताई


८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. काकांना माझा नमस्कार सांग.

तुझ्या शंकेबद्दल. गाड्यांना असं दुरून नवं सॉफ्टवेअर पाठवायला आता आंतरराष्ट्रीय नियम आहेत. कुठल्या गाडीत काय बसलंय याची नोंद, पाठवण्याआधी प्रत्येक मॉडेलवर चाचणी, मालकाला सूचना, हे सगळं झाल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. तेव्हा आवाज बंद पडणं वगैरे सहसा होत नाही. कान एकदा दाखवून घे. वयानुसार थोडं कमी होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इथे कामाचा डोंगर आहे, म्हणून आवरतं घेतो. लोभ असू द्यावा.

तुझा धाकटा


१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र अगदी वेळेवर पोचलं. जबाबात लिहून दिलं की गाडीने इशारा दिला असणार, मलाच ऐकू आला नाही. इन्स्पेक्टर बाईंनी दोनदा विचारलं की नक्की ना. मी म्हटलं, माझा भाऊच त्या खात्यात आहे, त्याच्याहून जास्त कोणाला कळणार? लायसन्स तूर्त त्यांच्याकडे जमा आहे. कानांची तपासणी होईपर्यंत पेशंटकडे जाणंही बंद. दवाखान्यात औषधांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसते.

काकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, भाऊ हुशार आहे, किती सोपं करून सांगतो. मी म्हटलं, त्याचं शेंबडं नाक मी पुसलंय आणि आता तो मला कान दाखवायला सांगतोय! खूप दिवसांनी दोघंही हसलो.

तू होतास म्हणून डोक्यातला किडा गेला. असाच जीव लावत राहा.

तुझी ताई


१८ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. तुझ्या कानांना काहीही झालेलं नाही. मी खोटं बोललो.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी आमच्या नोंदी उघडून पाहिल्या होत्या. बाहेरच्या माणसाला लॅपटॉपवरून गाडीचं कुलूप उघडता येईल अशी एक फट सापडली होती, ती बुजवायचं ते अपडेट. वरून घाई होती. तुझं मॉडेल जुनं, त्याची चाचणीची एकच गाडी आमच्याकडे, आणि ती त्या आठवड्यात रंगकामाला गेलेली. अशा वेळी चाचणीच्या रकान्यात ‘मागीलप्रमाणे’ लिहायची आमच्यात पद्धत पडलीय. गेल्या वेळी ठीक होतं, आताही असेल, असा त्याचा अर्थ. मी ते लिहिलं आणि खाली सही ठोकली. जुन्या मॉडेलचा मागचा सेन्सर वेगळ्या बनावटीचा आहे, हे मला माहीत होतं. फट बुजली आणि तुझ्या गाडीचा आवाजही गेला.

काल साहेबांना सगळं सांगितलं. गाड्यांना मान्यता देणाऱ्या सरकारी कार्यालयालाही लेखी कळवलं. अपडेट मागे घेतलंय, तशा सगळ्या गाड्यांच्या मालकांना सूचना गेल्यात. मला कामावरून बाजूला केलंय, चौकशी होईल. कबुलीची प्रत सोबत जोडलीय, ती इन्स्पेक्टर बाईंना दे.

एवढं करायला तुझं दुसरं पत्र यावं लागलं. तोवर मी गप्प होतो, आणि तशा कितीतरी गाड्या रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात मागे येत होत्या. आरशात बघवत नाही, ताई.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही.

धाकटा


२३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच कान तपासून आले. दोन्ही ठणठणीत आहेत. डॉक्टर बाई म्हणाल्या, या वयात असे कान फार कमी पाहिलेत. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. कान चांगले म्हणजे तू खोटा, हे कळायला मला पत्राची गरज नव्हती. अपघातापेक्षा ते जास्त लागलं. माझ्या वयावर ढकललंस ना रे!

प्रत दिली आणि जबाब बदलून लिहिला. लायसन्स मिळेल बहुधा. पण त्यात मी हेही लिहिलं की मी वळून पाहिलं नव्हतं. गाडी ओरडते म्हणून मान वळवायची सवयच सुटली होती. तेवढी चूक माझी आहे, ती मी तुझ्यावर घालणार नाही.

काकांना मात्र काही सांगितलेलं नाही. प्लास्टर निघायला महिना आहे आणि नंतरही चिमटा पूर्वीसारखा धरता येईलच असं नाही. ते रोज विचारतात, भावाचं पत्र आलं का. मी हो म्हणते आणि आत जाते. रविवारी ये. त्यांच्यासमोर बसून तुझ्या तोंडाने सांग. मी शेजारी बसेन, पण मधे एक शब्द बोलणार नाही.

लोभ आहे, म्हणून तर राग एवढा आहे.

तुझी ताई