तांड्याचं दूध

ता. मालेगाव, जि. वाशिम
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय संगी,

रंजीताचा नमस्कार. तू, किशनभाऊ आणि रुचिका तिकडं बरे असाल, असं धरून चालते. तुमच्या मालकाच्या गोठ्यात दीडशे गाई आहेत आणि धारा मशीननं निघतात, असं ऐकलं. तुला हातानं धार काढल्याशिवाय बरं वाटायचं नाही. तिथं तुझ्या हातांना काय काम असेल, कोण जाणे.

फोन चार-पाचदा लावला. तू उचलला नाहीस. मग मीही लावला नाही. खरं सांगायचं तर तिकडं घंटी वाजत असताना माझ्या मनात हेच यायचं, की तू उचलू नयेस.

इकडं हरभरा निघाला, गहू सोंगायला आलाय. दौलतसिंगकाकांच्या म्हशीला रेडी झाली. ऊन आतापासूनच चटकतं. माझं दूध संकलन केंद्र बंद आहे, आज सतरा दिवस झाले. दूध तपासायचं मशीन न्यायला डेअरीतून अजून कोणी आलं नाही, म्हणून सकाळी सहाला उठून ते पुसून ठेवते. मग काय करावं सुचत नाही. डेअरीची गाडी साडेसातला फाट्यावरून जाते. ड्रायव्हर आधी हॉर्न द्यायचा. आता समोर बघून निघून जातो.

चहाला मी मालेगावातून पिशवीचं दूध आणते. गावात कोणाच्या दारात जाऊ? त्या पिशवीवर तुमच्या भागातल्या डेअरीचं नाव असतं. एवढ्या लांबून बर्फासारखं थंड होऊन येतं. चहा एका कपाचाच लागतो, उरलेलं नासतं.

केंद्र का बंद झालं ते सांगते.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला दुपारी तुझी सासू आली. तांड्यापासून इथवर दोन किलोमीटर, भर उन्हात, एकटी. मी पाणी दिलं, गोमतीबाईनं ते बाजूला ठेवलं.

"रंजीता, एक इचारतो. खरं सांगजो, मी कोणाले सांगत नाही. माह्या सुनेच्या दुधात खरंच पानी होतं का वं?"

"मशीननं दाखवलं होतं, काकी."

"धार काढली तवा मी समोर बसलो होतो. तिनं झाकण लावलं न दुधाची केटली तुह्या नवऱ्याच्या, मोहनसिंगच्या गाडीले अडकवली. मंग पानी टाकलं कवा? चार महिन्यांपासून मी हेच इचार करून राह्यलो. तवा मी बी तिले लय बोललो. आमचं तोंड काळं केलं म्हनलो. आता ते तिकडं, मी इकडं."

मी मशीन पुसायला घेतलं. ती थोडा वेळ बसली आणि उठून गेली. पाणी तसंच राहिलं.

संगी, दिवाळीच्या आधीचा तो दिवस तू विसरली नसशील. डेअरीचे सुपरवायझर नरेंद्रसाहेब तपासणीला आले होते. तू लालीसाठी सरकीच्या ढेपीचं पोतं न्यायला म्हणून नेमकी आली होतीस. आमच्या ह्यांनी तांड्यावरच्या केटल्या गाडीवरून उतरवल्या. तुझ्या दुधाचा नमुना लावला आणि मशीनवर फॅटचा आकडा इतका खाली आला की साहेब म्हणाले, "हे दूध आहे की ताक? ओता." मी ओतलं. तुझ्या पायाजवळच्या मोरीत ओतलं. रांगेत पंधरा-वीस माणसं होती.

तू म्हणालीस, "मी पानी नाही टाकलं. रंजीता, तू तरी सांग सायबाले."

आणि मी म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, संगी."

त्या दिवसापासून तुझं दूध बंद झालं. जवळ दुसरं केंद्र नाही, किशनभाऊंनी लाली गाय बाजारात नेऊन विकली. शाळेत पोरी रुचिकाला 'पाणीवाली' म्हणायच्या. ती मला मावशी म्हणायची, रस्त्यात भेटली की मला चिकटायची. नंतर मला पाहून दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागली. दिवाळी झाली आणि तुम्ही सामान बांधलं. एसटीत बसताना तू माझ्या दाराकडं बघितलंस. मी खिडकीच्या आत उभी होते.

गोमतीबाई येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली होती. हे केटल्या उतरवत होते. मी मशीन बंद केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की संगीताच्या दुधात पाणी नव्हतं. वाटेत नाल्याजवळच्या हापशीवर ह्यांनी टाकलं. तिच्याच नाही, तांड्याच्या सगळ्याच केटल्यांत रोज थोडं थोडं टाकतात. काढलेलं दूध मालेगावात हॉटेलवाल्याला देतात. त्या दिवशी त्याला दिवाळीच्या खव्यासाठी जास्त हवं होतं, म्हणून तुझी केटली अर्धी झाली.

ह्यांनी हातातली केटली खाली ठेवली, गाडीला किक मारली आणि गेले. कामरगावला बहिणीकडं आहेत म्हणे. मला फोन नाही.

लोक मशीन फोडतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तांड्यावरच्या बायका आपापल्या केटल्या घेऊन मुकाट परत गेल्या. तेच जास्त लागलं. दौलतसिंगकाका तेवढे थांबले.

"तुले कवापासून मालूम होतं?"

मी म्हणाले, "आता आता समजलं, काका. संगी गेल्यावर."

काका म्हणाले, "मंग तुही काय चुकी, बाई."

ते वाक्य घेऊन मी सतरा दिवस घरात बसले आहे.

संगी, मी काकांना खोटं सांगितलं.

पोळ्याच्या आठवड्यात ह्यांना ताप आला होता, आठवतं? चार दिवस गाडी गेली नाही. तुम्ही सगळ्या जणी केटल्या डोक्यावर घेऊन चिखलातून आलात. तुझा पाय घसरला होता आणि आपण किती हसलो होतो. आम्ही नेहमी म्हणायचो, तांड्याच्या गाईंचं दूध पातळ. त्या चार दिवसांत मशीनवर तांड्याचं दूध गावाच्या दुधापेक्षा चांगलं लागलं. पाचव्या दिवशी हे गाडी घेऊन गेले आणि आकडे पुन्हा खाली आले. मशीनवर बसणाऱ्या बाईला याच्यापुढं काय समजावून सांगायचं असतं?

मी त्याच दिवशी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "गिलासभर काढतो एकेकाचं. कोणाले समजून राह्यलं? तू आपलं मशीन पाह्य."

मी मशीन पाहिलं. दोन महिने रोज पाहिलं. तुझं दूध मोरीत ओतलं तेव्हा मला माहीत होतं. तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस तेव्हाही माहीत होतं. एक शब्द बोलले तर नवरा जाईल, केंद्र जाईल, गावात एकटी पडेन, एवढाच हिशेब त्या वेळी डोक्यात होता.

काल तांड्यावर गेले आणि गोमतीबाईला हे सगळं सांगितलं. पोळ्यापासूनचं. ती गोवऱ्या थापत होती. हात थांबले नाहीत. शेवटी आत गेली, तुझा पत्ता लिहिलेला कागद आणून माझ्यापुढं ठेवला.

"मले सांगून काय होते? जिचं नाव गेलं तिले लिही."

उद्या दौलतसिंगकाकांकडं जाणार आहे. त्यांनाही खरी तारीख सांगेन. गावानं काय करायचं ते करावं. तू परत ये असं म्हणायला माझ्याकडं तोंड नाही, आणि लालीही आता कोणाच्या गोठ्यात आहे ते मला ठाऊक नाही.

एकच मागते. हे पत्र फाडण्याआधी रुचिकाला जवळ बसव आणि सांग, की तिची आई खरं बोलत होती, आणि रंजीतामावशीला ते त्याच वेळी माहीत होतं. मावशी म्हणूनच सांग. तिनं माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवू नये, पण तुझ्यावर ठेवावा.

रंजीता