वहिनीचं हिमोग्लोबिन

६ जानेवारी, पुणे

आज आहारशास्त्राच्या मॅडमनी प्रॅक्टिकल वाटून दिलं — घरातल्या एका माणसाला विचारायचं, काल दिवसभरात काय जेवलं, आणि त्यातून आयर्न, प्रोटीन सगळं काढायचं. मी वहिनीला धरलं. तिला सहावा महिना आणि हिमोग्लोबिन सात पॉइंट चार. शिरूरच्या डॉक्टरांनी दादाला सांगितलंय, असंच राहिलं तर बाळंतपण इथं नको, पुण्याला न्या, बाई आणि बाळ दोघांनाही धोका आहे. दादा कंपनीतून फोन करतो, "तू तेच शिकतीस ना? मग?"

मग काय. शिकते. सांगते थांब.

११ जानेवारी, निमोणे

घरी आले. वहिनीला समोर बसवून एकेक विचारलं. सकाळी बाजरीची भाकरी आणि मेथी, दुपारी मटकी, मधे गूळ-शेंगदाणे. गोळ्या रोज. आणि आई पहिलं ताट तिलाच वाढते! उपाशी राहणारी सून शोधायला आले होते, ती काही सापडली नाही. लिहू नये, पण जरा हिरमोड झाला.

जेवणावरचा चहा तेवढा बंद करायला लावला. चहानं आयर्न अंगी लागत नाही. आई म्हणाली, "चार बुकं काय शिकली, आमच्या चहावर उठली."

२ फेब्रुवारी, पुणे

वहिनीचं परत तपासलं. सात पॉइंट दोन. वाढायचं सोडून उतरलं! एवढं आयर्न जातंय तरी कुठं? दिवसभर डोक्यात तेच. सकाळी मेस बुडवली, चहा-बिस्किटावर भागवलं आणि लेक्चरला पळाले. तिसऱ्या मजल्यावर दम लागून उभीच राहिले.

संध्याकाळी अल्फियाला सगळं वाचून दाखवलं. ती माझी रूममेट, दौंडची. म्हणाली, "तू जेवण विचारलंस. जेवणाशिवायचं विचार ना." तिची खाला म्हणे दिवस गेले की खडू खायची.

७ फेब्रुवारी, निमोणे

विचारायची वेळच आली नाही. वहिनी भांडी घासत होती आणि गालात काहीतरी होतं. "काय खातीस?" तर "काय न्हाई ताई." मूठ उघडायला लावली. भाजक्या मातीच्या वड्या! आणि आणून कोण देतं? आमची आई. शिरूरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून, आठवणीनं.

"पोटुशीचा डोहाळा मोडू न्हाई. लेकराची लाळ गळती."

मग महिनाभर मला का नाही सांगितलं?

"तू इचारलंस व्हय? तू तर जेवान इचारलंस."

खरंच की. माती कोण जेवणात धरतं? आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा मात्र तोंड सुटलं माझं. एवढा जीव धोक्यात आणि अडाण्यासारखी माती खाता म्हणाले. वहिनीनं खाली मान घातली. "खाल्ल्याबिगार ऱ्हावत न्हाई ओ ताई," एवढंच बोलली. मी अख्खी पुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली.

९ फेब्रुवारी, पुणे

मॅडमना दाखवायला पुडी आणलीये. अल्फियानं वास घेतला आणि नाक मुरडलं. मी एक तुकडा जिभेवर ठेवला. एवढं असतं तरी काय त्यात, बघू तरी.

जरा खरपूस. लगेच विरघळते. वाईट नाही.

१० फेब्रुवारी

मॅडम रजेवर. अजून एक वडी खाल्ली.

१३ फेब्रुवारी

पुडी दिली एकदाची. वर्गभर फिरली, पोरी ई करत होत्या. मॅडम म्हणाल्या, मातीमुळे आयर्न अडतं, पण मुळात अंगात आयर्न कमी असलं की माती, खडू, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं. म्हणजे वहिनीला ते आवरणारच नव्हतं! आणि मी तिला अडाणी म्हणाले. कुठल्या तोंडानं फोन करू?

मॅडमनी पुडी हातात धरून विचारलं, "एवढीच होती?"

मी हो म्हटलं.

४ मार्च

वहिनीला सलाईनमधून आयर्न चढवलं होतं. आज आठ पॉइंट सहा! दादा फोनवर नुसता हसत होता. डॉक्टर म्हणाले, असंच वाढत राहिलं तर शिरूरलाच करू. आईला विचारलं, माती मागते का? "आता नावबी काढीत न्हाई."

दुपारी मंडईत गेलो होतो. एका काष्ठौषधीच्या दुकानापाशी मी मागं रेंगाळले. अल्फियानं दंडाला धरून ओढत नेलं.

६ मार्च

अल्फियानंच मला जबरदस्तीनं रक्त तपासायला नेलं. सहा पॉइंट नऊ.

घरी फोन लावला. आईनं उचलला. म्हटलं, काही नाही गं, वहिनीकडे दे.