कार्ड बसलं तर रविवारी तीन वाजता

रवि. १४ सप्टें.
बरोब्बर तीनला बसले. ट्रकच्या गेमची नवी आवृत्ती आजच उतरली आणि माझ्या कॉम्प्युटरने माती खाल्ली. नितीनच्या ट्रकला चाकं नाहीत, रस्त्याला रंग नाही, डोंगर टप्प्याटप्प्याने उगवतोय. तिकडे तामिळनाडूत होसूरहून भाऊराया नितीन सुरू: "ताई, तू वावरात घुसली. ताई, तू पुलाखाली हायेस का?" मी म्हटलं, मी तर टोलनाक्यावर उभी आहे. वीस मिनिटांत स्क्रीन काळी. परत चालू केलं, परत तेच.

"ग्राफिक्स कार्ड बदलाच लागते आता," म्हणाला. "दोन जीबीत नाई चालत." खरं आहे. नागपूरच्या खोलीवर आम्ही दोघांनी मिळून जुळवलेलं मशीन, दहा वर्षं झाली. लग्नात सोबत आणलं तेव्हा इथे सासरी नाकाडोंगरीत चर्चा झाली होती, सून कपाट नाही आणत, डब्बा आणते.

सोम. १५
प्रशांत चिखल्याहून शिफ्ट करून आला. ऐकून हसला. "भाऊ-बहीण खोटा ट्रक चालवून राहिले, आन् मी खऱ्या खाणीत उतरून राहिलो." नवऱ्याचं बरोबरच आहे, पण नवऱ्याला अर्धंच ठाऊक.

आई गेली त्याला दोन वर्षं. तेव्हापासून नितीन गावाला आला नाही. फोन केला की, हो. जेवलो. बरं आहे. ठेवतो. संपलं. पण हातात स्टेअरिंग असलं की बोलतो. मेसचं सांबार, त्याचा सुपरवायझर, पाठ दुखते, कधी कधी शाळेतल्या गोष्टी. समोर रस्ता असला की त्याला बोलता येतं. रविवारचे हे दोन तास गेले की माझा भाऊ गेला. लिहितानाच डोळे भरले, म्हणून पुरे.

शनि. २०
शाळा सुटल्यावर तुमसर. दुकानदार मला दोनदा विचारतो, "मुलासाठी पाहिजे का मॅडम?" मी म्हटलं, माझ्यासाठी, आणि वापरलेलं असलं तरी चालेल पण आठ जीबीचं. मग जरा नीट बोलायला लागला. नागपूरहून मागवून देतो म्हणाला, पॉवर सप्लायही बदलावा लागेल, जुना पुरणार नाही. आठ दिवस तपासणीची मुदत, पुढे तक्रार नाही. हो म्हटलं.

रवि. २१
गेम उघडतच नाही. तीन वाजता फोन केला.
"जेवला?" "हो." "काय होतं?" "भात." "तब्येत?" "बरी आहे. ठेवतो."
सव्वा मिनिट.

शनि. २७
कार्ड आलं. दोन पंख्यांचं, वजनदार, काळं. पाहून इतका आनंद झाला की बाजारात पिशवी उघडून दोनदा पाहिलं. घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर बसत नाही! लांबी जास्त. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो, दोन बोटं कमी पडतात. मोजून न घेतल्याची लाज.

मामाजी खाटेवरून पाहत होते. सासरे माझे, आयुष्यभर मॅंगनीजचा ट्रक चालवला, चिखला ते तुमसर रोड. आता डोळ्यांमुळे परवाना गेला. उठून आले.
"का झालं वं?"
"बसत नाही मामाजी."
"चेसिस पाहून इंजन घेतेत बाई. घेतल्यावर का पाहून राहिली?"
मी कार्ड परत पिशवीत घातलं. 

रवि. २८
आजही तीन वाजून गेले. नितीनला मेसेज केला, पुढच्या रविवारी नक्की. त्याने अंगठा पाठवला. तीन रविवार झाले. मला भीती वाटते की त्याला न बोलण्याची सवय लागेल.

सकाळी मात्र मजा. मामाजी जुनी हात-ड्रिल शोधून बसले. पिंजरा रिबिटांवर आहे म्हणाले, ट्रकच्या बॉडीसारखाच, स्क्रू नाहीत. आधी मदरबोर्डवर माझी ओढणी पांघरायला लावली, वर कागद, कचरा आत जायला नको म्हणून. मग एकेक रिबिट उडवलं. आठ. पिंजरा अलगद हातात आला. हार्ड डिस्क खाली पट्टीने बांधली. "आता बसव." मी पुठ्ठ्याचं माप धरून पाहिलं, जागाच जागा. मी हात लावणार तोच, "थांब! दसऱ्याच्या आधी नवा पार्ट गाडीत नाई टाकत. पूजा होऊ दे, मंग टाक."
चार दिवस. वाद घातला नाही. ज्यांनी जागा करून दिली त्यांचं ऐकायला पाहिजे.

गुरु. २ ऑक्टो. दसरा
पाटावर विळा, कोयता, प्रशांतचं खाणीचं हेल्मेट, मामाजींचा जॅक आणि पाना, आणि मधोमध माझं कार्ड, झेंडूचं फूल डोक्यावर. मी फोटो काढला. मी पुरी तळायला गेले तेव्हा मामाजींनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. परत येऊन पाहते तर कार्डाच्या पंख्याच्या झाकणावरही पाच बोटं! पदराने पुसलं, म्हटलं, मामाजी, आत जाईल ना ते. "बरं बरं." मला वाटलं वेळेवर वाचवलं.

दुपारी बसवलं. सप्लायच्या वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. एक लांब शिट्टी, दोन आखूड. काढलं, परत बसवलं. तेच. जुनं कार्ड लावलं, दुसऱ्या खेपेला स्क्रीन आली. म्हणजे नवंच खराब निघालं.
संध्याकाळी सगळीकडे सोनं वाटायला गेले. हसत होते, पण मन घरात होतं.

शुक्र. ३
दुकान बंद, दसऱ्याचं. पाटी: सोमवारी उघडेल. मुदत तोवर संपते की काय? फोन उचलत नाही.
मामाजी कालपासून माझ्या खोलीकडे फिरकले नाहीत. जेवताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सेकंड हँड मालाचं असंच असते." नेहमी माझी चूक काढायला पुढे असतात, आज माझ्या बाजूने. नवल वाटलं.

रवि. ५
आज लिहायला पुष्कळ आहे.

तीनला नितीनचा मेसेज: झालं का? मी चिडून लिहिलं, नाही, कार्ड बाद. तर त्याने व्हिडिओ कॉल केला. दोन वर्षांत पहिला. मी गडबडीत फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला.
"ताई, कार्ड काढ. खालची पट्टी दाखव मले, सोनेरी दात असतात ना, त्या बाजूनं. अजून जवळ. ... ते लाल का आहे?"
मी चष्मा लावला. सोनेरी दातांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाळलेलं कुंकू. खाली हळद.
मी वळून पाहिलं. मामाजी दारात, चपला घालून, बाहेर पडायच्या तयारीत.
"मामाजी?"
"मंग का करू? गाडीले बोनेटले लावतेत. याचं बोनेट कोनतं, मले का मालूम! सोन्याचं दिसलं, म्हटलं हेच देवाचं तोंड. तिथं बराबर लावलं. वरचं तं उगाच दिखाव्याले."
मग हळूच: "त्या दिवशी शिट्टी वाजली तवाच समजलं मले. बोलाची हिंमत नाई झाली."

फोनमधून आवाज आला. आधी मला वाटलं लाइन कापतेय. नितीन हसत होता. पोट धरून, चष्मा काढून, लहानपणी हसायचा तसा. आई गेल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. मी रडले की हसले सांगता येत नाही. मामाजीही हसायला लागले, सुटल्यासारखे.

मग कामाला लागलो. नितीन सांगतो, मी करते. शाळेच्या बॅगेतला पांढरा खोडरबर, एकाच दिशेने, हलक्या हाताने. मामाजींच्या इंजेक्शनचं स्पिरिट कापसावर. स्लॉटमध्ये जुना कोरडा ब्रश. मधे मधे तो मामाजींना धान कसं आहे विचारतो, मामाजी त्याला होसूरला कोणत्या गाड्या बनतात विचारतात. पाऊण तास. बसवलं. बटण. एकच छोटी शिट्टी, आणि स्क्रीन! मामाजींनी टाळी वाजवली.

इथे माझा शहाणपणा नडला. मला वाटलं, गाडी रुळावर आली, आता गेमची गरज काय. म्हटलं, "आज गेम राहू दे. असेच बोलत बसू ना, किती दिवसांनी." त्याचा चेहरा मिटला. इकडे तिकडे पाहिलं. "बरं मग... ठेवतो ताई. कपडे धुवाचे आहेत."
हातात काम असलं तरच बोलतो तो. कार्ड दुरुस्त होतं तोवर बोलला. मी ते काढून घेतलं. आता तसं करणार नाही.

मंगळ. ७
नवी आवृत्ती चढवली, कार्डाचा ड्रायव्हर टाकला. गवत दिसतं! पाऊस काचेवरून ओघळतो, वायपर पुसतो. शाळेत जायला उशीर झाला यामुळे. प्रशांत उभ्या उभ्या पाहून गेला, "बरंच आहे की." त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

गुरु. ९
मामाजी माझ्यामागे खुर्ची टाकून. "घाटात उतरताना गेर वरचा नाई ठेवत वं. ब्रेक जळतेत. इंजनवर उतर." त्यांच्या हातात दिलं. चाक धरल्यावर खांदे सरळ झाले त्यांचे. तीन किलोमीटर गेले आणि खांबाला धडकले. म्हणाले खांबच चुकीच्या जागी आहे. लय छान दिवस.

रवि. १२
तीनला बसलो. मी त्याच्या मागे. उतरंड, दोन्हीकडे झाडी, ऊन. सांबार, सुपरवायझर, सगळं सुरू झालं. मी फक्त हं हं करत होते, पोट भरलं माझं.

एका वळणावर तो थांबला, मी अगदी त्याच्या मागे येऊन थांबले. त्याच्या ट्रकचं मागचं फळकं समोर आलं. पिवळ्या पट्टीवर, आपल्याकडच्या ट्रकांवर असतं तसं, दोन्ही बाजूंना कमळ काढून लिहिलंय: शांताबाई, आंबागड.
आईचं नाव, आमचं गाव.
उन्हाळ्यात त्याने त्याच्या ट्रकच्या रंगाची फाइल पाठवली होती, मी टाकलीही होती. पण जुन्या कार्डावर मला नुसता पिवळा डाग दिसायचा. सहा महिने मी आईच्या नावाच्या मागे गाडी चालवत होते.

"हे कधी लिहिलं रे?"
"लय दिवस झाले." मग त्यानेच विचारलं, "तुले दिसत नव्हतं?"
"नाही ना. पिवळं पिवळं दिसायचं नुसतं."
"मले वाटलं, तू पाहून गप्प बसते. म्हटलं, ताईले आईचा विषय नको आहे."
आणि मी समजत होते की त्याला नको आहे. दोघंही एकमेकांना जपत बसलो आणि दोन वर्षं घालवली. मला स्वतःचा राग आला. त्याला म्हटलं तसं.  मागच्या खुर्चीवर बसलेले मामाजी उठून बाहेर गेले, पाय न वाजवता.

मग त्याने ट्रक सुरू केला. पुढचा पूल ओलांडला. पेट्रोल पंप मागे गेला. आणि तसाच, रस्त्याकडे पाहत असावा:
"ताई, आंबागडच्या घराची चावी कोनाजवळ आहे?"
"माझ्याजवळ."
"हं."
"कायले?"
"असंच विचारलं. ... डावीकडून ट्रक येऊन राहिला, सांभाळ."
येतोस का, हे तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. डावीकडून येणाऱ्या ट्रकला सांभाळलं. पाचपर्यंत चालवलं, माल उतरवला, ठेवतो म्हणाला.

उद्या अर्धी रजा टाकते. आंबागडला जाऊन कुलपात तेल सोडून येते. दोन पावसाळे झालेत, गंजलं असेल.