खुणा न बघणारी पिचर

२ नोव्हें., रवि.
डाव्या हाताचं बोट पुन्हा सुजलं. श्रुती, आमच्या बेसबॉल टीमची नवी पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, माण गावची. मी कॅचर, बॅटिंगवालीच्या मागे बसून बोटांनी खूण करते, संथ बॉल. ती टाकते सणसणीत. "चुकून गेला गं." रोजचंच. आमची दुसरी कॅचर प्राजक्ता बसली की मात्र एकदाही चुकत नाही. कोच सरांना सांगितलं. म्हणाले, "तिच्या हातात वेग आहे. तू जुळवून घे." मीच का?

४ नोव्हें.
फर्स्ट शिफ्ट. चाकणपर्यंत बसमध्ये वाचत गेले. सरांनी काम दिलंय: रविवारी ज्युनिअर मुलींना अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल-फुटबॉलच्या गोष्टी सांगायच्या. मजा आहे. आधी ग्लोव्ह नव्हतेच, उघड्या हातांनी झेल. एकाने पहिल्यांदा घातला तो कातडीच्या रंगाचा, लोकांना दिसू नये म्हणून! तिकडचा फुटबॉल धडकाधडकीचा; हेल्मेट नाही म्हणून खेळाडू केस वाढवायचे. कंपनीत माप तपासायचं गेज धरताना बोट ठणकलं. सुपरवायझर: "मॅडम, खेळ पुरे आता."

७ नोव्हें.
एक माणूस सापडला. १८८० नंतरचा. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमधला काळा कॅचर. त्याच्याच टीमचा एक पिचर त्याच्या खुणा मानायचा नाही. पुढे स्वतःच कबूल केलं त्याने, कॅचर उत्तम होता, पण काळा, म्हणून मी मनाला येईल तो बॉल टाकायचो. आणि हा बिचारा... नाही, बिचारा नाही. काय येणार ते माहीत नसताना पकडत राहिला. काही वर्षांत काळ्यांना ती दारंच बंद.
रहाटणीचा स्टॉप आला तरी उतरायचं सुचेना.

९ नोव्हें., रवि.
सांगितली. बाकी गोष्टींना मुली हसल्या, या गोष्टीला नाही. श्रुती मागे उभी होती. नंतर तिने मला नळाजवळ गाठलं.
"टोमणा मला होता ना? आमच्या घरात असलं काय न्हाई. दिवाळीला जेवलीस की आमच्याकडं."
जेवले. खरंय. तिच्या आईने आग्रह करकरून वाढलं. निघताना आडनाव विचारलं, हेही खरं. आणि त्यानंतरच्या सरावापासूनच हे... की माझ्याच डोक्यात? जात आहे का नुसता माज, कळत नाही. हे न कळणंच जास्त छळतं.
सर: "टीममध्ये हे विषय नकोत." कुठले विषय? मी फक्त खूण बघ म्हणतेय!

१२ नोव्हें.
पप्पांना सांगितलं. कंपनीत रिटायर होईपर्यंत बरंच ऐकून घेतलेला माणूस, वाटलं चिडतील. म्हणाले, "मॅचच्या आधी तिच्याशी बोल. एकटीशी." मम्मी म्हणाली, "आणि नाही ऐकलं तर?" पप्पांनी पेपर उघडला.

१६ नोव्हें., रवि.
राज्य संघाच्या निवडीची मॅच. आधी बोलले. "आज खुणा बघ. दोघींच्या निवडीचा प्रश्न आहे." "बरं." आणि बघितल्या खरंच! मागेन तो बॉल येत होता. लाज वाटायला लागली, मीच उगाच संशय घेतला म्हणून.
शेवटचा डाव, बरोबरी, तिसऱ्या बेसवर त्यांची मुलगी. खूण केली: संथ, बाहेर. आला आत, सुसाट. ग्लोव्हला घासून मागे. ती मुलगी पळत होमवर, त्यांची धाव पूर्ण. हरलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक कॅचरच्या नावावर.
श्रुती बूट सोडत होती. मान वर केली नाही.

१९ नोव्हें.
श्रुती संघात. कॅचर प्राजक्ता. मी राखीव. सर फोनवर, "तो एक बॉल नडला गं तुझा."
माझा.

२१ नोव्हें.
जेवणाच्या सुट्टीत श्रुतीचा फोन. राज्य संघाच्या शिबिरात प्राजक्ताचा खांदा दुखावलाय. "सर तुला बोलावणारेत. ये."
विचारलं, "रविवारी शेवटच्या बॉलला माझी खूण दिसली नव्हती का तुला?"
तिकडे कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. मग ती म्हणाली, "दिसली होती."
फोन तिनेही ठेवला नाही, मीही नाही. आमची बेल झाली, बायका डबे बंद करून लाइनवर निघाल्या.
सरांचे दोन मिस्ड कॉल. अजून उलट फोन केलेला नाही.