रोशनने ओढलेल्या तारेचा पुरवठा खांबावरून तोडण्याबाबत

प्रति,
मा. शाखा अभियंता,
ग्रामीण वीज शाखा,
ता. रोहा, जि. रायगड

विषय : कै. रोशन भिकू हिलम यांच्या नावावरील वीजजोडणी खांबावरून तात्काळ तोडण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचा मागील अर्ज व त्यास आलेले उत्तर.

महोदय,

घरातील वायरिंग ग्राहकाने दुरुस्त करावे आणि जोडणी तोडायची तर ग्राहकाची सही आणावी, हे आपले उत्तर नियमाला धरूनच आहे. परंतु ग्राहक रोशन, अर्जदाराचा चुलत भाऊ, गेल्या पौषात काविळीने वारला. आता प्रश्न त्याची आई चिमाबाई यांच्या जिवाचा आहे.

१. रोशन पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करीत असे. आईच्या चुलीपुढे उजेड हवा म्हणून सुटीत येऊन त्याने स्वतः तार ओढली, ती पत्र्याच्या भिंतीच्या कडेवरून. वाऱ्याने पत्रा हलतो, तार घासते. प्लॅस्टिक झिजून पत्र्यात वीज उतरते. अर्जदार भौतिकशास्त्राची पदवीधर असून तिने पत्र्यावरचे व्होल्टेज मोजून खात्री केली आहे.

२. चिमाबाई रोज दिवेलागणीला त्या पत्र्याला तळहात टेकवतात. हाताला मुंग्या येतात. त्या म्हणतात, "माझा रोशन हाय तिथं. हात धरतो." अर्जदाराने त्यांना समजावले, की व्होल्टेज म्हणजे ढकलणारा जोर, करंट म्हणजे त्या जोराने प्रत्यक्ष वाहते ते, आणि रोध म्हणजे वाटेतली अडवणूक. जोर तोच राहिला तरी अडवणूक कमी झाली की वाहणे वाढते. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग ढकलतो कोण गो?"

३. देवापुढे जाताना पाय धुवावेत तसे चिमाबाई हल्ली पाय धुऊन, ओल्या पावलांनी पत्र्यापाशी जातात. कोरड्या, भेगाळलेल्या तळव्यांचा रोध मोठा असतो. ओल्यांचा फारच कमी. मागच्या अमावास्येला त्यांचा हात सुटेना. अर्जदाराचे वडील हरेश यांनी कोरड्या मुसळाने तो सोडवला. शुद्धीवर येताच चिमाबाई त्यांच्यावरच चिडल्या, "आज तो सोडीत नव्हता. तूच सोडवलास."
उरलेल्या प्लॅस्टिकचा रोध तेवढा त्यांना जिवंत ठेवून आहे, आणि तो रोज झिजतो आहे.

४. मेन स्विच बंद केला की त्या पुन्हा चालू करतात. तारेला हात लावू देत नाहीत, "पोराच्या हातचं हाय ते." मयताची सही अर्जदाराने कोठून आणावी? सोबत मृत्यूचा दाखला जोडला आहे. सहीऐवजी तोच ग्राह्य धरावा, ही विनंती.

चिमाबाईंनी अखेर अंगठा दिला, तो एका अटीवर : तार तोडण्याआधी एकदा पत्र्याला हात लावू द्यावा. आपल्या लाइनमनने कृपया तेवढे थांबावे. अर्जदार त्यांचे पाय पुसून त्यांना कोरड्या लाकडी पाटावर उभे करील. पाटाचा रोध इतका आहे, की त्यांना काहीही जाणवणार नाही. हे त्यांना सांगितलेले नाही.

काल अर्जदाराने स्वतः त्या पाटावर उभे राहून पत्र्याला हात लावून पाहिला. अपेक्षेप्रमाणे काहीही जाणवले नाही. तरी हात बराच वेळ काढून घेता आला नाही.

आपल्या लाइनमनची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,
मनस्वी हरेश हिलम
आदिवासीवाडी, खांब गावाजवळ, ता. रोहा
दि. १२ मे २०२५

सोबत : १) मृत्यूचा दाखला
२) चिमाबाईंच्या अंगठ्याचे संमतिपत्र