आजी बसली की बंद पडणारी गाडी

मुदखेड
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

चि. शिवांगी हिस आजीचे ओंजळभर आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल, तू तिकडं वेळेवर जेवत असशील असं धरून चालते.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणे, साऱ्या गल्लीत हातानं लिहिलेलं पत्र फक्त तुळजाबाईला येतंय, बाकीच्यांना बँकेचे कागद. काय करावं माय, माझे कान गेले. फोनवर तू बोलतीस ते मला मधमाशा घोंगावल्यावानी ऐकू येतंय. चौथीपर्यंत शिकले ते आत्ता या वयात कामाला येऊन राहिलंय.

लातूरच्या गॅरेजात तू आता एकटी गाडीची वायरिंग उघडतीस हे वाचून मी शेजारी जाऊन सांगून आले. तिथल्या म्हातारीनं विचारलं, पोरीच्या जातीला हे कशाला. मी म्हटलं, तुमच्या जावयाची गाडी बंद पडंल तवा सांगते कशाला ते.

आता खरी गोष्ट. तुझ्या आजोबांनी रेल्वेतून रिटायर झाल्यावर ती जुनी डिझेल गाडी घेतली, आठवती न्हाई का? ते गेल्यापासून तुझा बजरंगमामा चालवतो. तर ती गाडी मी बसले की बंद पडती! हसू नको. मामा रोज नांदेडला जाऊन येतो, काही होत न्हाई. मी बसले की थोडं पुढं जाऊन समोर पिवळा दिवा लागतो, गाडी उचक्या देती आन रस्त्यातच बसती. मेकॅनिक येईस्तोवर मी उतरून झाडाखाली बसते. तो किल्ली फिरवतो आन गाडी चालू. तो माझ्याकडं बघतो, मी आभाळाकडं बघते. शेजारचा म्हणतो, गाडी काकांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, आठवणीनं रुसती. मीबी हसले.

पण वसंत पंचमीला देवणीला शरणम्माच्या नव्या घराची वास्तुशांत हाय. उदगीरला एका गल्लीत वाढलो आम्ही. तिच्या घरी कानडी, आमच्या घरी मराठी, भांडताना दोन्ही. तिला बघून किती वर्षं झाली. एसटी मला लागती, डेपो सुटायच्या आतच पोट वर येतं. आन मामा आता म्हणून राहिलाय की आई, तू घरीच थांब, रस्त्यात सगळ्यांना बेजार कशाला. तू काही इलाज सांग.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी तुळजाबाई

लातूर
१४ डिसेंबर २०२४

ती. आजीस, शिवांगीचा शि. सा. न. वि. वि.

आजे, पत्र मी वकारभाईंना, म्हणजे माझ्या उस्तादांना, वाचून दाखवलं. आभाळाकडं बघते या ओळीला ते इतके हसले की हातातला पाना पडला. गाडीला रुसता येत नाही गं. रुसायला जे लागतं ते फक्त आपल्या घरात आहे, मामीला विचार.

मामाला फोन करून, मेकॅनिक बिघाड बघायला गाडीला लावतो त्या स्कॅनरचे फोटो मागवले. त्या गाडीत एक छोटा कंप्युटर असतो. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, ते तो ठरवतो. इंजिन कसं फिरतंय हे त्याला एक सेन्सर कळवतो. स्कॅनरवर तीन बिघाड दिसले, त्यात हा सेन्सरही आहे. जुना सेन्सर गरम झाला की गप्प बसतो आणि थंड झाला की पुन्हा बोलतो. तू असतेस तेव्हा गाडी भरलेली, रस्ता लांब, इंजिन जास्त तापणार. मला तर हेच वाटतंय. तो बदलायला सांगितलाय. तू शरणम्माआजीसाठी काय न्यायचं ते ठरवायला घे.

सर्वांना नमस्कार, लहानग्यांना चिमटे.
तुझी शिवांगी

मुदखेड
नवीन साल लागल्याचा दुसरा दिवस

चि. शिवांगी हिस पुन्हा आशीर्वाद, आधीचे उरले असतील तरी.

सेन्सर बदलला. मामा सगळ्यांना घेऊन बारशाला कंधारला गेला, गाडी भरलेली, माझ्याशिवाय. जाऊन आले, गाडी वाऱ्यावानी. मग मला घेऊन नांदेडला निघाला. अर्ध्या रस्त्यात पिवळा दिवा, उचक्या, बंद. मागनं ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला. मला ऐकू आला म्हणजे केवढा असंल बघ.

सूनबाई गुणाची हाय, वाईट बोलत न्हाई. तिनं माझ्यासाठी नवी शाल आणली आन म्हणाली, थंडीचं कुठं निघता आत्याबाई, आम्ही देवणीला जाऊन फोटो दाखवू. शाल ऊबदार हाय. मी दिवसभर अंगावर घेतली न्हाई.

शिवांगे, ज्या गाडीत मी माझ्या मालकांसोबत एवढी हिंडले, ती मला बघून बंद पडावी हे काही मनाला पटत न्हाई. माझंच काही चुकतंय का? मी पत्रात सारखी हसते, पण शरणम्माला न्हाई भेटले तर मग कधी भेटणार? दोघींची वयं काय पोरीबाळींची हायत का?

तुला कामाचा ताण देत न्हाई. जमलं तर बघ.
तुझी आजी

लातूर
८ जानेवारी २०२५

ती. आजीस, शि. सा. न.

मी चुकले. तापलेल्या सेन्सरवर मी उगाच आळ घेतला, आणि मामाला वाटतंय भाचीपेक्षा नांदेडचा मेकॅनिक बरा. वकारभाईंनी फोटो पुन्हा बघायला लावले. एकमेकांशी काही संबंध नसलेले तीन बिघाड एकाच क्षणी आले, तर तिघंही खोटं सांगत असतात, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक त्या कंप्युटरला करंट नीट मिळत नाही किंवा त्याची अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, सुटते आहे. पण ते फक्त तू बसल्यावरच का?

म्हणून आता तूच माझा स्कॅनर. गाडीचं दार उघडल्यापासून उतरेपर्यंत तू काय काय करतेस ते सगळं लिही. बारीकसारीक, बिनकामाचं वाटेल तेही. तुला आवरतं घे असं आजवर सगळ्यांनी सांगितलं असेल, मी सांगते की अजिबात घेऊ नकोस.

तुझी, कान टवकारलेली, शिवांगी

मुदखेड
भोगी

चि. शिवांगी हिस तिळाएवढे नव्हे, बाजरीच्या भाकरीएवढे आशीर्वाद.

घे, लिहिते. मी मागं डाव्या बाजूला बसते. ती माझी जागा, त्यांनीच ठरवून दिलेली, तिथनं मी त्यांना आरशात दिसायची. आधी उजवा पाय आत, मग पदर, मग डावा पाय. एकदा पदर दारात अडकून पार लोह्यापर्यंत बाहेर फडफडत गेला होता, तवापासून दाराआधी पदर. पिशवी पायाशी. पिशवीत लिंबू, हुंगायला. मग पंख्याचं बटन दाबते, थंडी असो का ऊन. मग खिडकी दोन बोटं खाली. मग तोंडात लवंग.

पंख्याचं सांगायचं राहिलंच. गाडी घेतल्यावर आम्ही पहिल्यांदा तुळजापूरला निघालो. मला अशी लागली की त्यांनी तीनदा गाडी थांबवली. बोलले काही न्हाई. त्यांना बोलायची सवयच नव्हती, रेल्वेत आयुष्य झेंडी दाखवण्यात गेलं. पुढच्या रविवारी नांदेडहून ट्रकमध्ये ड्रायव्हरपाशी असतो तसा इवलासा पंखा आणला आन दुपारभर गाडीत वाकडे होऊन बसले. संध्याकाळी मला बोलावलं. दाराजवळ काळं बटन. दाबलं, आन तोंडावर असा गार वारा! मग कधीबी आरशात माझा चेहरा उतरलेला दिसला की ते एवढंच म्हणायचे, पंखा. पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या कौतुकाचा शब्द म्हणशील तर तो एकच.

उतरताना आधी बटन बंद करायचं, मग दार. न्हाई तर बॅटरी बसती, अशी त्यांची सक्त ताकीद होती. गाडी रस्त्यात बंद पडली तरी मी बटन बंद केल्याबिगर उतरत न्हाई. बाकी काही न्हाई माय, गाडीत मी गपच असते, ऐकू येत न्हाई तर बोलू कुणाशी.

यातनं तुला काय सापडणार देव जाणे. आज वांगं, हरभरा, गाजर घालून भोगीची भाजी केली. तुझ्या वाटची मामानंच खाल्ली.

खात जा, लिहीत जा.
तुझी आजी

लातूर
२० जानेवारी २०२५

ती. आजीस, शि. सा. न., आणि वर एक उडी मारून नमस्कार.

आजे, सापडलं! पत्र वाचता वाचता मी उठून उभीच राहिले. मामाला सांगितलं की मागं कुणाला बसवू नको, फक्त पंखा लाव आणि गावाबाहेर एक चक्कर मार. स्टेशन ओलांडलं नाही तोच पिवळा दिवा, उचक्या आणि बंद. तू घरात तीळ निवडत होतीस म्हणे.

मेकॅनिकला उघडायला लावलं तर दिसलं, आजोबांनी पंख्याची काळी वायर त्याच बोल्टला नेऊन जोडली होती, ज्याला इंजिनाच्या कंप्युटरची अर्थिंग येते. इतकी वर्षं निभावलं. आता बोल्ट गंजला आणि पंखाही धुळीनं जड होऊन जास्त करंट ओढायला लागला. तू बटन दाबलंस की त्या गंजलेल्या बोल्टावर ताण यायचा, कंप्युटर गोंधळायचा, सगळ्या सेन्सरचं चुकीचं वाचायचा आणि इंजिन बंद करायचा. मग तू बटन बंद करून उतरायचीस आणि मेकॅनिक येईपर्यंत गाडी शहाणी झालेली असायची. एवढ्या थंडीत कुणी पंखा लावत असेल हे कुणाच्या ध्यानात कसं यावं?

नांदेडचा मेकॅनिक पंखाच काढून फेकतो म्हणाला. मी फोनवरच त्याला झापलं. बोल्ट घासून चकचकीत करून घेतला, पंखा साफ केला, त्याला वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज दिला. हे सगळं मी व्हिडिओवर उभं राहून करून घेतलं. जुनी वायर पत्र्यातून जिथं जाते तिथं ती कापली जाऊ नये म्हणून आजोबांनी कापडाची पट्टी गुंडाळली होती. मामानं ती बोटांनी सरळ करून बघितली. मग म्हणाला की हा आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ आहे. नवी वायरही आम्ही त्याच पट्टीतून घेतली.

तुझं काही चुकत नव्हतं. जा देवणीला.
तुझी शिवांगी

मुदखेड
रथसप्तमी

चि. शिवांगी हिस आजीचे आशीर्वाद, आन तुझ्या वकारभाईंनाबी, ते घेत असतील तर.

जाऊन आले! निघताना मामानंच दार उघडून धरलं. मी बसले, पदर घेतला, बटन दाबलं. सगळे समोरच्या दिव्याकडं असे बघत होते जसं काही तिथं निकाल लागणार हाय. कंधार गेलं, जळकोट गेलं, दिवा काही लागंना. उदगीर दिसलं तवा सूनबाईनं हळूच डोळे पुसले आन मला म्हणाली, आत्याबाई, माफ करा. मी म्हटलं, शाल दे इकडं, पंखा लई वारा देऊन राहिलाय.

शरणम्मा दारात आली. आधी मला ओळखलंच न्हाई, मग कानडीत अशी शिवी हासडली की बजरंगला वाटलं भांडण झालं. किती वर्षांनी ऐकली ती शिवी! वास्तुशांतीचं जेवण वाढायचं सोडून आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसलो. तिलाबी आता कमी ऐकू येतं. दोघी ओरडून बोलत होतो, साऱ्या देवणीला आमची लहानपणची लफडी कळली असतील.

परत येताना जळकोटच्या अलीकडं मी एकदम जोरात म्हटलं, बजरंग, थांबव! त्यानं कचकन ब्रेक दाबला. सूनबाईनं लेकराला छातीशी धरलं. मामा वाकून वाकून दिवे बघायला लागला, काय बंद पडलं म्हणून विचारायला लागला. काहीच बंद पडलं न्हाई, मी म्हटलं, तिकडं रसवंती हाय, मला उसाचा रस प्यायचाय. दोन पेले प्याले. आल्याचा, लिंबू पिळून. आन इंजिन सारा वेळ चालूच होतं.

लोभ असाच उकळता ठेव.
तुझी आजी तुळजाबाई